काका मले रागवत नाई

"मॅडम, माही बदली रुईच्या गाठी बांधाच्या सेक्शनले करून द्या," म्हणत रोशनी केबिनमध्ये रडायलाच लागली.

समुद्रपूरजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी एचआर पाहते. महिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कमिटीची अध्यक्षही मीच. मी दार लावलं, पाणी दिलं. "कोणी काही बोललं का?"

"तेच तं! नामदेवकाका मले काहीच बोलत नाई. पोरांले रागवते, मले नाई."

नामदेवकाका आमचे फोरमन. कापसातून सरकी वेगळी करणारी मशीन म्हणजे जिन. तिच्यात रोलर आणि सुरीमधली फट नेमकी जमवावी लागते, नाहीतर रुई खराब होते. हे काकांची बोलणी खातच शिकायचं, अशी आमच्याकडची रीत. सीझन संपताना ऑपरेटरची ट्रायल होती. आयटीआय करून जिनवर शिकायला आलेल्या रोशनीला ती जागा हवी होती, आणि तिने अजून एकदाही फट जमवली नव्हती.

मी काकांना गाठलं.

"तुमीच तं ट्रेनिंगमंदी सांगतलं, बाईमाणसासंग जपून बोला," काका म्हणाले. "माह्या तोंडाचा काय भरोसा? म्या तिले खुर्ची देल्ली. म्हनलं, बस बेटा, मी करतो."

इतक्या मायेने कुणी कुणाचं नुकसान केलेलं मी पाहिलं नव्हतं. हसू आलं, रागही आला.

"काका, तिच्या कपड्यांवर, दिसण्यावर, लग्नावर बोलायचं नाही. कामावर बोलायचंच. शिकायची संधी सगळ्यांना सारखी, हेही कायद्यातच आहे."

"सेटिंग चुकलं तं वरडू?"

"पोरांवर ओरडता तेवढंच."

"मंग कमिटीत बोलावसान मले!"

"नाही ओरडलात तर बोलावीन."

दुसऱ्या दिवशी मी जिनच्या हॉलमध्ये गेले, तर मशीनच्या खडखडाटावरून काकांचा आवाज आला. "अवं रोशने! डोये काय सरकीत सांडले? फट पाय न आधी!"

सगळा हॉल माझ्याकडे पाहू लागला. रोशनी मात्र जिनवर वाकून हसत हसत फट जमवत होती.

ट्रायल ती पास झाली. ती मशीन चालवत होती आणि घाम काका पुसत होते.

आता ट्रेनिंगमध्ये मी एक वाक्य जास्त सांगते: बाईला त्रास देऊ नका, आणि तिला काम शिकवा. दुसरं सांगितलं नाही, तर पहिल्याचा अर्थ माणसं 'लांब राहा' असा लावतात.

ट्रायल झाली त्या संध्याकाळी काका केबिनमध्ये आले. "मॅडम, आता तरी पोरीसंग गोड बोलू का?"

"बोला की. पण मग पोरांशीही तेवढंच गोड बोलावं लागेल."

काकांनी जरा विचार केला. "मंग राहू द्या," म्हणाले आणि गेले.