भट्टीशेजारच्या शेणी

होळीच्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाला एक टेंपो येऊन उभा राहायचा आणि माझं डोकं फिरायचं. टेंपोशेजारी अण्णा. शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री होती, पाण्याच्या पंपांचे बिडाचे भाग ओतायचे तिथे. घर आमच्याच गल्लीत, अगदी टोकाला. माणूस मूळचा गडहिंग्लजकडचा, घरात कानडी आणि दारात मराठी. अंगात बारा महिने पांढरा हाफ शर्ट. एवढा कारखानदार, आणि सणाच्या दिवशी दारोदार शेणी मागत फिरायचा.

शेणी म्हणजे गोवऱ्या. आमच्या कोल्हापुरात चितेला लाकडापेक्षा शेणीच जास्त लागतात आणि त्या लोकांनीच दिलेल्या असतात. हे गावाचं मोठेपण आम्ही बाहेरच्या पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचो. होळी आली की मात्र छाती वेगळ्याच कारणानं फुगायची. पलीकडच्या गल्लीपेक्षा आमची होळी उंच झाली पाहिजे! तिला शेणी लागायच्या, आणि हा गृहस्थ नेमक्या त्याच स्मशानासाठी पळवायला बघायचा.

"एवढी उंच करून कुणाला दावायची हाय रं? वरच्याला? त्याला वरनं बुटकीच दिसती की," असं ते तालमीच्या पोरांना म्हणायचे. पोरं हसायची आणि शेणी द्यायची नाहीत. माझं टेलरिंगचं दुकान गल्लीच्या मध्यावर. मी मशीनवरूनच ओरडायचो, "अण्णा, पुढं चला, आज सुट्टं न्हाईत." त्यावर तेही हसायचे. त्यांना राग यायचाच नाही, त्यामुळे मला जास्त यायचा.

बायकांनी मात्र पहिल्या वर्षापासून दिल्या. पण गल्लीच्या बायका हुशार. वाळलेल्या स्वतःच्या बंबाला ठेवल्या आणि दानाला ओल्या काढल्या. अण्णांनी टेंपोपाशी एकेक शेणी हातात घेतली आणि बोटाच्या पेरानं ठोकून कानाशी धरली. "वाजली पायजे," म्हणाले. "जी वाजत न्हाय ती पेटत न्हाय. ही परत न्या, ताई." दान दिलेली वस्तू तोंडावर परत करणारा माणूस गल्लीनं तेव्हाच बघितला. बायका चिडल्या, दोन दिवस अक्कांशी, म्हणजे अण्णांच्या बायकोशी, बोलल्या नाहीत. पुढच्या होळीला मात्र शेणी खणखणीत आल्या.

गोळा केलेला माल ते शिरोलीला न्यायचे. फाउंड्रीत भट्टीच्या मागे एक ऊबदार कोपरा होता, तिथे छपरापर्यंत शेणींची थप्पी. पावसाळ्यात नदीकाठच्या स्मशानात साठा दमट झाला की अण्णांना फोन यायचा आणि इथून टेंपो निघायचा. एकदा पुण्याचं मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला आलं. त्यानं थप्पी बघून विचारलं, हा तुमचा कच्चा माल का? अण्णा म्हणाले, "न्हाय साहेब, ह्यो पक्का माल." ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

मग माझी आई गेली. आषाढ होता, पाऊस आठवडाभर मागे लागलेला. नदी फुगलेली, हवा अशी की भिंतीवर हात ठेवला तर ओला व्हावा. स्मशानातल्या माणसांनी होत्या त्यातल्या बऱ्या शेणी निवडून रचल्या. दोष कुणाचाच नव्हता. पण मी अग्नी दिला आणि नुसता धूर निघाला. पुन्हा दिला, पुन्हा धूर. माझी आई जन्मभर चुलीच्या धुरानं खोकली होती. शेवटी तर तिला दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. आणि आता इथेही धूरच. मी तिथे उभा राहून पावसाला, देवाला आणि माझ्या भावकीला शिव्या घातल्या. भावकीचा काय संबंध होता, मला आजही माहीत नाही.

तेवढ्यात टेंपो आला. अण्णा पुढे बसलेले, गुडघ्यापर्यंत भिजलेले. मागे ताडपत्रीखाली भट्टीशेजारच्या शेणी. त्यांनी दोन हातांनी शेणी उतरवायला सुरुवात केली आणि रचणाऱ्यांना म्हणाले, "ओल्या काढा त्या. अव्वाला धूर सोसत न्हाय." आईचा खोकला त्यांच्या घरापर्यंत ऐकू जायचा, हे मला तेव्हा कळलं.

आग लगेच धरली. स्वच्छ, पिवळी, न धुमसता. मला त्या दिवशी रडू आलं ते त्या आगीकडे बघून.

परतताना टेंपोत मी त्यांना विचारलं, तुमच्यात चिता नसते ना? ते लिंगायत होते, त्यांच्यात माणसाला पुरतात. म्हणजे ह्यांच्या घरातल्या कुणालाही कधी एक शेणी लागली नव्हती, पुढेही लागणार नव्हती. मग हा उपद्व्याप कशाला?

"आमच्यात माती देत्यात," अण्णा म्हणाले. "मातीला पाऊस चालतोय. तुमच्यात आग लागती, तिला कोरडं लागतंय. जागा माझ्याकडं हाय, ऊब हाय. आनी काय पायजे?"

त्या दिवसापासून ह्या माणसासाठी काहीतरी करायचं, असं माझ्या मनानं घेतलं. मी शिंपी, मला काय येणार? चांगलं कापड आणून त्यांच्या मापाचा सफारी शिवला, बटणांची काजं हातानं केली. अण्णांनी घेतला, कौतुक केलं, आणि महिन्याभरानं त्यांच्या फाउंड्रीचा वॉचमन तो सफारी घेऊन माझ्याच दुकानात आला. पोराच्या लग्नात घालायचा होता, पँट आखूड करून हवी होती. मी तणतणत अण्णांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "लग्नात भारी दिसंल की त्यो. मी सफारी घालून भट्टीवर जाऊ व्हय? तुला काय द्यायचंच आसंल तर होळीला दे."

मग मी होळीला दिलं. माझ्या शेणी तर दिल्याच, वर तालमीच्या पोरांशी भांडलो. काही वर्षांत आमची होळी कमरेएवढी झाली आणि पलीकडची गल्ली आम्हाला हसू लागली. मी मशीन बंद ठेवून टेंपोपाशी उभा राहायचो, पेरानं शेणी ठोकायचो. पण हे सगळं त्यांच्या कामाला गेलं. त्यांच्यासाठी म्हणून माझ्या हातून काही झालंच नाही. ते मला सलत राहिलं.

मधल्या काळात शिरोलीत मंदी आली. अण्णांनी निम्मी शेड भाड्यानं दिली. भट्टीमागचा कोपरा मात्र सोडला नाही.

ते गेले तेव्हाही पावसाळाच होता. बातमी पहाटे गल्लीभर झाली. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण प्रत्येक घरातून बायका कोरड्या शेणी घेऊन बाहेर आल्या. पोरं शिरोलीला जाऊन टेंपो भरून घेऊन आली. मी स्वतः ठोकून ठोकून रचल्या. एकही मुकी शेणी जाऊ दिली नाही. वर ताडपत्री बांधली आणि आम्ही तो टेंपो अण्णांच्या दारात नेऊन उभा केला. मनात म्हटलं, अण्णा, आज नाही म्हणायला तुम्ही नाही.

आत गेलो. अण्णांना मांडी घालून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. जंगम, म्हणजे त्यांच्यातले पुरोहित, मंत्र म्हणत होते. मी बघतच राहिलो. अरे, ह्यांना माती द्यायची! सगळ्या गल्लीला माहीत होतं, मला तर त्यांनी स्वतः सांगितलं होतं. आणि आम्ही येडे शेणी घेऊन आलो होतो. अक्कांपुढे मान वर करायची लाज वाटली.

तेवढ्यात घरातला फोन वाजला. कुणी उचलेना, म्हणून अक्का स्वतः उठल्या. पलीकडचा आवाज मोठा, आम्हालाही ऐकू आला, "अण्णा हाईत काय? हितं एक म्हातारी आणलीया, शेणी धरंनात." अक्कांनी डोळे मिटले. मग खिडकीतून आमच्या टेंपोकडे बघितलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "टेंपो लावून देते." अण्णा गेल्याचं त्यांनी सांगितलं नाही.

फोन ठेवून त्या माझ्यापाशी आल्या. "जातोस?"

"अक्का, माती द्यायला थांबतो की. नंतर जातो."

"माती द्यायला गाव हाय," अक्का म्हणाल्या. "तितं ह्यांच्या जागी उभं ऱ्हायाला कोन न्हाय. जा, भिजायच्या आत पोचव."

मी गेलो. अण्णांना माती द्यायला मी नव्हतो. त्या वेळी मी नदीकाठी पावसात शेणी उतरवत होतो, माझ्याच वयाचा एक माणूस टाहो फोडत होता, आणि मी रचणाऱ्यांना सांगत होतो, ओल्या काढा. ती म्हातारी कुठली, कुणाची, मी विचारलं नाही. आग लगेच धरली.