भाडेकरू बहीण

घर मोजायला गेलं की लोक खोटं बोलतात, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले. वरचा मजला म्हणे अजून अर्धवट, आणि गच्चीतून सून वाळलेले कपडे काढत असते. पक्क्या स्लॅबवर चार पत्रे टाकून ‘पत्र्याचंच घर हाय मॅडम’ म्हणणारेही भेटले. नांदेड झालं, लातूर झालं, मधली लहान गावं झाली. नगरपालिका बदलल्या, थापा त्याच राहिल्या.

माझं काम मालमत्तेची किंमत ठरवण्याचं. तिच्यावर घरपट्टी बसते, आणि रस्ता रुंद करताना घर पडलं तर भरपाईही तिच्यावरच निघते. त्यामुळे घरपट्टीच्या वेळी प्रत्येकाचं घर खोपटं असतं आणि भरपाईच्या वेळी राजवाडा. मला याचा राग येतो. इतकी वर्षं झाली, अजून येतो.

सगळ्यांत जुनी थाप पाहुण्यांची. घरात भाडेकरू असला की घरपट्टी वाढते, म्हणून मोजणीच्या दिवशी आमच्याकडे भाडेकरू नावाचा माणूसच सापडत नाही. कुणी भाचा होतो, कुणी साडू, कुणी नुसतेच ‘गावाकडले पाव्हणे’. भाडेकरूही बिचारे मुकाट नातेवाईक होतात. मालकाशी वैर कोण घेणार? आडनाव वेगळं, बोली वेगळी, चूल वेगळी, तरी सख्खे. आम्ही सांगतील ते लिहून घेतो. उलट सिद्ध करायला भाड्याची पावती लागते, आणि ती कुणी कुणाला देत नाही.

एका तालुक्याच्या गावी, नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच आहेत, बाजाररस्त्याला एका निवृत्त गुरुजींचं घर होतं. वडिलोपार्जित, बाप गेल्यावर यांच्याकडे आलेलं. रस्त्याकडच्या खोलीत एक विधवा बाई मशीन टाकून फॉल-पिको करायची आणि तिथंच मागं राहायची. गुरुजी म्हणाले, “ही आमची बहीण.” बाईनं मान हलवली. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता. मी त्याच्याकडे बघितलं तसे गुरुजी घाईनं म्हणाले, “आमचे दाजी.” मला हसू आवरेना. खोलीच्या नोंदीत लिहिलं: राहणार, मालकाची बहीण.

पुढं त्या रस्त्यानं जाणंयेणं असायचं, म्हणून माझ्या साड्या मी तिच्याकडेच टाकू लागले. ती देगलूरकडची. मला मॅडम म्हणायची नाही, अक्का म्हणायची. दर महिन्याला गुरुजींच्या बायकोच्या हातात भाडं ठेवते, हे तिनंच मला हसत सांगितलं. आणि हेही सांगितलं, की त्या मोजणीनंतरच्या भाऊबीजेला ती ताट घेऊन गुरुजींच्या दारात गेली होती.

“कशाला?” मी विचारलं.

“सरकारच्या कागदावर बहीण लावली नं त्यांनी? मग ववाळाया नगं का?”

गुरुजी लई वरमले म्हणे, पण पाटावर बसले. नंतर दर दिवाळीला बसायचे. तिच्या माहेरी कुणी उरलं नव्हतं.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. गुरुजींच्या घराचा पुढचा भाग जाणार होता, म्हणजे तिची खोली अख्खी. भाडेकरूचं दुकान पडलं तर त्याला पालिकेच्या नव्या इमारतीत गाळा मिळणार होता. मी मोजायला गेले तेव्हा टेप गुंडाळता गुंडाळता तिला सांगितलं, “सुनावणीला या आणि भाडं देते म्हणून सांगा. तेवढंच सांगायचं. गाळा मिळेल, मशीन चालू राहील.”

“आन् भावाचं?”

मी खोटं बोलले नाही. इतक्या वर्षांच्या घरपट्टीचा फरक त्यांच्या भरपाईतून कापतील, म्हणाले. तिनं दातानं दोरा तोडला आणि पुढची साडी घेतली.

तिकडं कचेरीत भलतंच झालं. घर वडिलांचं आणि नोंदीत बहीण, म्हटल्यावर कारकुनानं गुरुजींकडे बहिणीचं हक्कसोडपत्र मागितलं. आमच्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. बहीण बापाच्या मिळकतीवरचा हक्क सोडल्याची सही करते, भाऊ तिला साडी नेसवतो, जेवण होतं, संपलं. माहेरी नायगावला मीही माझ्या भावाला अशीच सही दिली आहे. साडी मोरपंखी होती. मी लोकांच्या घरांच्या किमती ठरवते, पण त्या दिवशी माझ्या वाट्याची किंमत विचारायचं धाडस मला झालं नाही. ती साडी मी अजून नेसलेली नाही.

सुनावणीच्या दिवशी ती आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात आधीच येऊन बसली होती. इस्त्रीची साडी, केस चापूनचोपून, मांडीवर एक डबा.

“सही द्याया आले अक्का,” ती म्हणाली. “बहिणीची सही लागती म्हन्ले नं? भावाचं काम अडाया नगं.”

डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते, गुरुजींसाठी. तुमच्या सहीनं काही होणार नाही, तुम्ही त्यांच्या बापाच्या लेक नाही, हे मी तिला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत बोलावलं.

गुरुजींनी साहेबांपुढं प्रतिज्ञापत्र ठेवलं. त्यात लिहिलं होतं, मला बहीण नाही. साहेबांनी विचारलं, “मग ह्या कोण?”

गुरुजी खिडकीकडं बघत म्हणाले, “कुणी नाही साहेब. निराधार बाई आहे. दया आली म्हणून राहू दिलं. भाडं कधी घेतलं नाही.”

बहीण म्हणाले असते तर वाटा निघाला असता आणि भाडेकरू म्हणाले असते तर घरपट्टीचा फरक. म्हणून ती कुणीच नव्हती. माझं डोकं फिरलं. आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलेला हा माणूस! मी साहेबांना म्हणाले, की ही भाडेकरू आहे, मला पक्कं माहीत आहे.

साहेब वाईट नव्हते. “पावती आहे?” नव्हती. लाइटबिल गुरुजींच्या नावाचं होतं. “मग बाईंचा जबाब घ्या. त्या भाडं देते म्हणाल्या तर भाडेकरू म्हणून धरू. गाळ्याच्या यादीत नाव घालू.”

म्हणजे सगळं तिच्या एका शब्दावर आलं. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. “घाबरू नका. भाडं देत होता की नाही?”

ती गुरुजींकडं बघत राहिली. त्यांनी मान वर केली नाही, छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. तिचा चेहरा मला अजून दिसतो. रडका नव्हता, रागाचा नव्हता. गिऱ्हाईक गेल्यावर मशीनवर झाकण घालताना असायचा, तसाच होता.

“न्हाई अक्का,” ती म्हणाली. “भावाच्या घरात कोन भाडं देतंय?”

मी पुन्हा विचारलं. साहेबांनीही विचारलं, समजावून विचारलं. तिनं तेच सांगितलं. मी तेच लिहून घेतलं आणि तिनं एकेक अक्षर जोडत खाली सही केली.

बाहेर आलो तर गुरुजी जिना उतरून गेले होते. डबा तिच्याच हातात होता. मला तिला गदागदा हलवून विचारावंसं वाटत होतं, की तू हे काय केलंस.

“त्यांचं काम झालं नं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“सही दिल्यावर भाऊ साडी देतो म्हनं.” तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. “ऱ्हाऊ द्या. आता काय साडी.”

मग तिनं पदर नीट केला आणि मशीन हलवायला स्वस्तात टेम्पो कुठं मिळेल, ते मला विचारलं.