डाव्या बाजूचा मीटर

काचेमागे काटा दिसला की काका आधी नखानं त्या काचेवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "हां, आता खरं सांग." मग मान तिरकी करून थांबायचे. काटा केसभर हलला की त्यांचं समाधान व्हायचं. नाही हलला तर खोटी साक्ष देणाऱ्याकडे बघावं तसे त्या काट्याकडे बघत राहायचे. माझ्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाचीही त्यांनी एकदा अशी उलटतपासणी घेतली होती. घड्याळ सकाळपासून बंद होतं, हे मला तेव्हा कळलं.

ट्रकवाल्यांच्या अशा लकबी तुम्हीही पाहिल्या असतील. कोणी स्टीअरिंगला लावलेला हात कपाळाला लावतो, कोणी टायरला लाथ मारल्याशिवाय केबिनमध्ये चढत नाही. पंचवटीत पेठ रोडला माझं ट्रकच्या मीटरांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी पुढे चालवते. माल आणि गिऱ्हाईक मी बघते, बसवायचं काम आमचा वायरमन करतो. माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, गाड्या राहतात. हे काका माझं गिऱ्हाईक. त्यांची गाडी पहिल्याच दिवशी लक्षात राहिली, कारण तिचं पुढचं सगळं नवं होतं आणि मागचं सगळं जुनं. केबिनचा रंग ताजा, मागच्या फाळक्याचा उन्हानं उडालेला. अशी गाडी कशातून बाहेर आली आहे, हे आमच्या धंद्यात विचारावं लागत नाही.

डॅशबोर्डवर मीटरांच्या जागी नुसती भोकं होती. एवढ्या जुन्या गाडीचे मूळ मीटर आता मिळत नाहीत, बाजारातलेच निवडून बसवावे लागतात. अशा वेळी बहुतेक जण निळा दिवा कुठल्यात आहे तेवढं विचारतात. काकांनी दिव्याचं नावही काढलं नाही. काउंटरवर मांडलेला एकेक मीटर त्यांनी दारात उन्हात नेऊन पाहिला, मग आत अंधारात आणून पाहिला. काळी तबकडी, पांढरी तबकडी. जाड काटा, बारीक काटा. तेलाच्या दाबाचा मीटर त्यांनी वायरचा नको म्हटलं. तेल थेट मीटरपर्यंत आणणारा नळीचा घेतला. "वायर मधल्यामधी तुटली तर कळत नाय. नळी फुटली तर पायावर गरम तेल येतं, झोपलेला पण जागा होतो." पाण्याच्या तापमानाचा त्यांनी मोठ्या आकड्यांचा घेतला.

हवेच्या मीटरला मात्र अख्खी दुपार गेली. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि टाकीत किती हवा आहे ते हा मीटर सांगतो. हवा उतरली की ब्रेक गेले. काका तो मीटर हातभर लांब धरायचे, मग खांद्याच्या बाजूला, मग पार तिरपा, जणू कुणीतरी दुसरीकडून बघतंय.

शेवटी म्हणाले, "दोन द्या."

मी सांगितलं की टाक्या दोन असल्या तरी मीटर एकच लागतो, त्यातच दोन काटे येतात.

"ते माहीत हाय, ताई. एक माझ्यासमोर. दुसरा डाव्या बाजूला. धाकटा बसतो तिथं, त्याला दिसला पायजे."

मी दुसऱ्या मीटरचा डबा काढला. आमचा वायरमन एरवी गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय पाना उचलत नाही. त्या दिवशी तो गप्प होता. डाव्या सीटवर तो बसलाही नाही. पायरीवर उभं राहून, आत वाकून त्यानं सगळे स्क्रू आवळले. गाडी गेल्यावर मला म्हणाला, काकांचा धाकटा भाऊ हीच गाडी घेऊन सावळघाटात दरीत गेला. जागच्या जागी संपला.

मी हिशेबी बाई आहे. मेलेल्या माणसासाठी कोणी मीटर मागितला तर मीटर द्यावा, कारण विचारू नये, असं मी ठरवलं.

काका थोड्याच दिवसांत परत आले. डावा मीटर बदलून हवा होता. तबकडीवर ऊन पडलं की धाकट्याला आकडे दिसत नाहीत म्हणाले. पुढच्या खेपेला जागा बदलायची होती, कारण तो उंच आहे, त्याला मान खाली घालावी लागते. मग मीटरचा दिवा त्याच्या डोळ्यांत जायला लागला. हे सगळं ते इतक्या साधेपणानं सांगायचे की एकदा मी बोलून गेले, "चष्मा लावतो का तो?" काकांना काही वाटलं नाही.

"लावायला सांगतो," म्हणाले.

त्याच दिवशी चहा घेताना त्यांनी मला सगळं सांगितलं. दोघं भाऊ एकच गाडी चालवायचे. पंचवटीतल्या बाजारातून भाजी भरायची, पेठच्या वाटेवरचा सावळघाट उतरून गुजरातेत न्यायची. घाटात त्यांची एक पद्धत होती. एकानं चालवायचं आणि रस्त्यावरची नजर काढायची नाही. दुसऱ्यानं डाव्या बाजूला बसून हवेचा काटा वाचायचा आणि मोठ्यानं आकडा सांगायचा. सात. सात. साडेसहा. चालवणाऱ्यानं "बरं" म्हणायचं. बाकी घाट संपेपर्यंत एक शब्द नाही.

दसऱ्याला काकांनी नेहमीप्रमाणे गाडीची पूजा केली आणि डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूचा जाड हार बांधला. त्यांच्या घरात बांधलेला हार हातानं सोडत नाहीत. तो वाळून आपोआप पडेपर्यंत राहू द्यायचा. दुसऱ्या दिवशी मुलीच्या सासरची माणसं येणार होती म्हणून काका घरी राहिले आणि धाकटा एकटाच निघाला.

"निघताना म्हणला, दादा, हार मधी येतोय, जरा सोडून वर बांधू का? मी म्हणलो, दसऱ्याचा हाय, सोडू नको, वाळू दे." काकांनी कप खाली ठेवला. "हवेचा पाइप कुठंतरी गळत व्हता. हवा उतरली की वाजायचा तो बझर तर कधीच मेलेला. काटा उतरत गेला आसंल, ताई. झेंडूच्या मागं."

तेव्हापासून त्यांनी गाडी घाटात घातली नव्हती. नामपूरचा कांदा आणायचे, सपाटीनं जायचे, सपाटीनं यायचे. पण ते काम काही बारमाही नव्हतं, आणि त्या एका गाडीवर दोन घरं होती, त्यांचं आणि धाकट्याचं. भाजीच्या व्यापाऱ्यानं त्यांच्यासाठी बराच काळ थांबून पाहिलं होतं. आता त्यानं निरोप धाडला होता की येत्या सोमवारी घाट उतरा, नाहीतर मी दुसरी गाडी लावतो. काका म्हणत होते, मीटर बरोबर बसले की उतरतो. आणि मीटर काही बरोबर बसत नव्हते.

ते पुन्हा डबा घेऊन आले तेव्हा मी स्पष्ट बोलले. मीटर सगळे चांगले आहेत, तुम्हालाच घाट उतरायचा नाही. तसं असेल तर गाडी विका, माझा माल बदनाम करू नका.

काका रागावले नाहीत. "मीटर चांगला हाय," म्हणाले. "पण आकडा सांगणारं कोण हाय तिथं? मी वाट बघतो, ताई. तो बोलतच नाय."

मी डबा परत घेतला आणि तोच मीटर पुसून त्यांना दिला.

रविवारी ते आले तेव्हा त्यांच्यामागून एक बाई आली. धाकट्याची बायको. पेठच्या बाजूची, सडपातळ, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मोठ्या दिरासमोर ती लग्न झाल्यापासून कधी मोठ्यानं बोलली नव्हती. काका घरात शिरताना दारातच खाकरायचे म्हणजे तिला आत सरकता यायचं, अशी त्यांची तऱ्हा. आताही ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि मला म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, डाव्या बाजूला मी बसते."

काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते. तेही मलाच म्हणाले, "तिला सांगा, आपल्यात तशी रीत नाय."

"सांगा, हार पण रीतीनंच बांधला होता."

मला सांगावं लागलं नाही, काकांनी ऐकलं होतं. मग त्यांनी वायरमनला विचारलं, तिला सोपं पडेल असं काही करता येईल का. हलत्या गाडीत बारीक रेषा वाचणं तिला जमलं नसतं. वायरमननं डाव्या मीटरच्या काचेवर पाचच्या वर हिरवी पट्टी चिकटवली आणि खाली लाल. ठरलं असं की तिनं आकडा सांगायचाच नाही. हिरवा किंवा लाल, एवढंच म्हणायचं. ती केबिनमध्ये चढली, डाव्या सीटवर बसली. वायरमननं तेव्हा तोंड फिरवलं.

सोमवारी ती दोघं घाट उतरली. परत आल्यावर काका थेट दुकानात आले. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पहिली वळणं नीट गेली, भावजय हिरवा, हिरवा म्हणत होती. मग एका उतारावर ती म्हणाली, साडेचार. त्यांनी तिथल्या तिथं गिअर खाली घेतला, गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि थांबवली. खाली उतरून पाहिलं तर मागच्या टाकीचा पाइप सुटत आला होता.

"ती व्हती म्हणून वाचलो," काका म्हणाले. "अशी ठसक्यात बोलली, साडेचार."

हिरवा-लाल ठरलं होतं आणि ही साडेचार कुठून म्हणाली, असं माझ्या मनात येऊन गेलं. वाटलं, शिकली असेल. मी त्यांना नवा पाइप कुठे चांगला मिळेल ते सांगितलं.

मग ती गाडी बराच काळ पेठ रोडला दिसत राहिली. डाव्या बाजूला पदर घेतलेली बाई, उजवीकडे काका. डावा मीटर बदलायला काका पुन्हा आले नाहीत. धाकट्याचं नावही त्यांनी माझ्याकडे काढलं नाही.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. घरी, जेवून पडले ते उठले नाहीत. गाडी विकायचं ठरलं तेव्हा भावजयच ती घेऊन आली. म्हणजे चालवत होता नवा मालक, ती डावीकडे बसून आली होती. मालकाला जास्तीचा मीटर नको होता. वायरमन तो काढत होता तोवर ती काउंटरशी उभी राहिली.

"ताई, तुम्ही मीटरचं काम करता, म्हणून विचारते," ती म्हणाली. "त्या दिवशी उतारावर मला दरी दिसली आणि मी डोळे मिटले. तोंडातून आवाजच निघाला नाही. काटा लालवर गेलेला मी पाहिलाच नाही."

मग त्यांना कळलं कसं, असं मी विचारलं.

"त्यांनी मधेच 'बरं' म्हटलं आणि गिअर टाकला," ती म्हणाली.

तू त्यांना कधी सांगितलं नाहीस का, असं मी विचारलं.

"कसं सांगणार? खाली उतरल्यावर ते पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. म्हणाले, तू वाचवलंस. नंतर रोजच बोलायचे. जेवलीस का, पोरांना काय आणू. आणि मी खरं सांगितलं असतं तर ते पुन्हा त्याचीच वाट बघत बसले असते."

मला जे ठाऊक होतं ते मी तिला सांगितलं. हवा उतरली की पेडल पायाला वेगळं लागतं. गळणाऱ्या पाइपचा सूं असा आवाज येतो. जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला ते न कळता कळतं, आणि आकडा त्याला त्याचं डोकंच ऐकवतं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"असंल," म्हणाली.

वायरमननं मीटर काढून भोकाला रबरी बूच बसवलं. मालकानं गाडी सुरू केली. ती पलीकडे गेली आणि तिनं डावं दार उघडलं. मला वाटलं, आत काही राहिलंय. पण ती चढली नाही, आत डोकावलीही नाही. दार धरून बाजूला उभी राहिली, एखाद्या उंच माणसाला पायऱ्या उतरून खाली यायला लागेल तेवढा वेळ. मग दार लावलं आणि मालकाला हातानं सांगितलं, जा.