आईनं शांत केलेलं घर

एकाहत्तरच्या लढाईनंतर पप्पा कायमचे घरी आले, तेव्हा मी पाचवीत होते. ते तोफखान्यात होते. उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं म्हणून त्यांना पेन्शन देऊन परत पाठवलं होतं. कराडला लागून असलेल्या मलकापुरात आमच्या दोन खोल्या होत्या. पुढं पत्र्याची ओसरी, मागं परसू आणि परसाला भिडून आक्कांचा ऊस. आक्का म्हणजे शेजारची म्हातारी. त्यांचा धाकटा लेकही फौजेत होता. त्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकट्याचंच.

पप्पा आले त्या संध्याकाळी आईनं गोडाचं केलं होतं. माझा धाकटा भाऊ पितळेची परात उचलून आणत होता, ती त्याच्या हातून निसटून शहाबादी फरशीवर आपटली. परात गरगरत थांबेपर्यंत पप्पा दाराआड खाली बसले होते, दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरून. आम्ही नुसते बघत राहिलो. थोड्या वेळानं ते उठले, कुणाकडं न बघता बाहेर पडले आणि उसाच्या बांधावर जाऊन बसले. आईनं परात उचलली, पुसली आणि घडी घातलेल्या जुन्या लुगड्यावर ठेवली. भावाला ती रागावली नाही.

पुढचे काही आठवडे असेच गेले. एका कानातून गेलेलं सगळं जणू दुसऱ्या कानात गोळा झालं होतं. कडी वाजली, स्टोव्ह भर्र करून पेटला, कुणी मोठ्यानं हाक मारली, की पप्पांचा चेहरा पांढरा पडायचा. ओसरीच्या पत्र्यावर वळवाचा पाऊस आला त्या दिवशी तर ते आमच्या दोघांचे दंड धरून आम्हाला खाटेखाली ढकलायला लागले. ते रागीट नव्हते. रागावले असते तर आम्हाला कळलं तरी असतं. ते नुसते गप्प असायचे, आणि त्या गप्पपणाला घाबरून आम्हीही गप्प.

साताऱ्याहून मोठे काका आले, आमच्या चर्चचे पाळकसाहेबही आले. दोघांनी मिळून ठरवलेलंच दिसत होतं. आई सांगलीच्या मुलींच्या बोर्डिंगात वाढलेली. शिवण, भरतकाम, क्रोशा सगळं तिथंच शिकली. त्याच बोर्डिंगात आता मेट्रनची जागा रिकामी होती. पाळकसाहेब म्हणाले, तिथं राहायला खोली मिळेल, मुलांची शाळा होईल, आणि पप्पांना काही दिवस दवाखान्यात ठेवता येईल. पन्नास मुलींचं भलं करण्याची ही संधी आहे, हे देवाचं पाचारणच समज, असंही ते म्हणाले.

आईनं चहाचे कप गोळा केले आणि उभ्याउभ्याच विचारलं, “पाळकसाहेब, पाचारण बोर्डिंगातच होतं का? घरात होत नाही?”

पाळकसाहेब म्हणाले, घर तर प्रत्येक बाई सांभाळतेच.

“मग मला हेच सांभाळू द्या,” आई म्हणाली. “ह्यांना दवाखान्यात खाट मिळेल. पण हे लढाईवरून घरी यायला निघालेत, अजून पोचले नाहीत. ते पोचतील तेव्हा इथं घर असायला हवं.”

काकांना ते आवडलं नाही. पाळकसाहेबांनी मात्र प्रार्थना केली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आईनं घर कामाला घेतलं. आधी स्टोव्ह माळ्यावर गेला आणि चूल पेटली. धुरानं तिचे डोळे दिवसभर लाल असायचे. मग जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या वळून तिनं चुंबळी केल्या. डोक्यावर घागर ठेवायला करतात तशाच, पण प्रत्येक भांड्याखाली एकेक. दारांच्या चौकटींना सायकलची फाटकी ट्यूब कापून ठोकली, म्हणजे वाऱ्यानं दार आपटलं तरी आवाज होऊ नये. शेवटी पत्र्याची पाळी आली. आक्कांच्या उसाची तोड झाली होती, फडात वाळक्या पानांचं पाचट पडलं होतं. आईनं मागितलं तेव्हा आक्कांना वाटलं जाळायला हवं असेल. ओसरीवर घालायचंय म्हटल्यावर त्या हसल्या. “आवं, लोकं पाचट काढून पत्रा घालत्यात, आन तुमी पत्रा काढून पाचट?” आईनं कारण सांगितलं. मग आक्कांनी गड्याला हाक मारून स्वतः उभं राहून छप्पर शाकारून घेतलं.

नुसता आवाज घालवून आईचं समाधान होत नव्हतं. मोकळ्या झालेल्या जागी काहीतरी छान यायला हवं, असं ती म्हणायची. भिंतींना चुन्यात थोडी नीळ घालून हात दिला. लग्नातल्या साडीचे पडदे केले आणि त्यांच्या काठांवर पांढऱ्या दोऱ्यानं पानं भरली. परसात शेवंती लावली. लाकडी पेटीवर क्रोशाच्या लेसचा कपडा अंथरून त्यावर ती रोज काहीतरी ठेवायची. फुलं नसली तर उसाचे तुरे, तेही नसले तर नुसती कडुलिंबाची डहाळी. संध्याकाळी त्या पेटीभोवती आमची उपासना व्हायची. ती पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायची आणि गीत इतक्या हळू म्हणायची की ते तिच्या श्वासातूनच येतंय असं वाटायचं. पप्पा भिंतीला टेकून बसायचे आणि पेटीवरच्या फुलाकडं बघत राहायचे.

आई देवदूत नव्हती. पहिल्याच पावसात छप्पर गळलं, पाचटातून विंचू निघाला, तेव्हा ती चुलीपुढं बसून रडली. आम्ही भावंडं भांडायला लागलो की ती दोघांना परसातून बाहेर काढायची आणि दात आवळून म्हणायची, “जा, आक्कांच्या खळ्यावर जाऊन पोटभर बोंबलून या, आणि मगच घरात पाऊल टाका.” आम्ही खरंच जाऊन बोंबलायचो. आक्कांना त्याची सवय झाली होती.

दिवाळी जवळ आली तशी आईची झोप उडाली. फटाक्यांचं काय करायचं? दुसऱ्याच्या सणात जाऊन आवाज करू नका असं सांगणं तिला बरं वाटेना. ती पप्पांना घेऊन शिराळ्याकडं, तिच्या मावशीच्या वस्तीवर जायचं म्हणत होती. पण वसुबारसेला आक्काच आल्या. ओसरीत बसल्या, पाचटाकडं बघितलं आणि म्हणाल्या, “पोरास्नी सांगितलंय, ह्या वर्षी फटाकं पल्याडच्या माळावर. माजा बी एक हाय फौजंत. तो कवा येईल, कसा येईल, मला काय ठावं?”

आईनं त्यांचे हात धरले. 

आळी गप्प राहिली, पण कराड कसं गप्प राहणार? लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुरून धडधड ऐकू यायला लागली. पप्पा खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. आईनं ट्रंकेतून लोकरीची निळी लड काढली, त्यांना खाली बसवलं, आणि त्यांच्या दोन्ही हातांत ती लड अडकवून समोर बसून गुंडा करायला लागली. “हात असेच धरा,” ती म्हणाली, “सोडले तर गुंता होईल.” आवाज आला की पप्पांचे हात थरथरायचे आणि लोकरीचा धागाही थरथरायचा. आई गुंडाळायची थांबायची, थरथर जाईपर्यंत वाट बघायची, मग पुन्हा गुंडाळायला लागायची. निळी संपली, मग लाल. लाल संपल्यावर तिनं पुन्हा निळ्या गुंड्याची लड करायला घेतली. तेव्हा पप्पांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, “अगं, ही तर झालीये.” आई म्हणाली, “झालीये. पण मला अजून तुमचे हात हवेत.”

पप्पा हसले. आवाज न करता, एका बाजूनं. लढाईनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

त्यानंतर ते एकदम बरे झाले असं नाही. पण शेवंतीला पाणी घालायला लागले. छप्पर गळत होतं तिथं त्यांनी स्वतः चढून पाचट दाबून बसवलं. नाताळच्या दिवशी जेवायला बसलो, आईनं नेहमीसारखं डोकं झाकून प्रार्थनेला सुरुवात करायला तोंड उघडलं, आणि पप्पांचा आवाज आला. त्यांनी अन्नासाठी आभार मानले, आमची दोघांची नावं घेतली, मग म्हणाले, “आणि मला इथंवर आणलंस, त्याबद्दल.” आईनं आमेन म्हटलं आणि पदरानं तोंड पुसून भाकरी वाढायला घेतली.

मग दुपारच्या वेळी बायका यायला लागल्या. आक्कांची थोरली सून यायची, क्रोशा शिकायच्या निमित्तानं. सुई हातात धरायची आणि भिंतीला टेकून झोपून जायची. आई तिला उठवत नसे. जाताना ती म्हणायची, “हितं आलं की जीव निवतो बगा. का न्हाई कळत.” आई म्हणायची, उद्याही ये. पाळकसाहेब पुन्हा आले तेव्हा बाहेर तीन-चार जणींच्या चपला होत्या आणि पप्पा परसात वाफे करत होते. पाळकसाहेब ओसरीत बसले, चहा प्यायले, इकडंतिकडं बघत राहिले. मेट्रनच्या जागेचा विषय त्यांनी काढला नाही. उलट चर्चच्या मंडळीतल्या नव्या सुनांना चार दिवस इथं पाठवू का, एवढंच विचारलं.

पप्पा पुढं एका साखर कारखान्याच्या रोपवाटिकेत लागले. झाडांत राहिले, झाडांशीच जास्त बोलले.

दशक संपता संपता माझं लग्न झालं आणि मी सांगलीत आले. नवरा मोटार गॅरेजमध्ये. आमची खोली हमरस्त्यावर, खाली ट्रकांची रांग, आणि घरात असला की त्याचा रेडिओ पूर्ण आवाजात. आई पहिल्यांदा राहायला यायची होती तर मी आदल्या दिवशी रेडिओवर जाड कपडा घातला, नवऱ्याला हळू बोलायला बजावलं. तो बिचारा दिवसभर चोरपावलांनी वावरत होता. आईनं ते बघितलं. संध्याकाळी तो बाहेर गेल्यावर तिनं मला जवळ बसवून घेतलं.

“असा का वागतोय तो, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा?”

मी कारण सांगितलं. ती हसली.

“ते घर तुझ्या पप्पांसाठी होतं, बाळ. हा तर आवाजात फुलणारा माणूस आहे.” ती उठली, रेडिओवरचा कपडा काढून घडी घातली आणि म्हणाली, “लाव. आणि मला जरा ती खिडकी मोजू दे, तिला पिवळा पडदा शोभेल.”