बायकोची डिजिटल सही

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटली, म्हणून लिहितोय.

माजिवड्याला आमची छोटी कंपनी आहे. कागदोपत्री माझी बायको स्मिताही डायरेक्टर. पण सरकारी पोर्टलवर तिची डिजिटल सही मीच करतो. ती सही ज्यात असते तो पेनड्राइव्ह आणि त्याचा पासवर्ड, दोन्ही माझ्याकडेच.

आज दुपारी तिच्या नावाने नोटीस आली. तिच्या सहीने गेलेली कंपनीची माहिती चुकीची होती.

"हे मी कधी पाठवलं?" स्मिताने विचारलं.

"मी पाठवलेलं. म्हटलं, तुला कशाला त्रास."

"आता उत्तर मलाच द्यायचंय रे."

ती ओरडली नाही. खरं सांगतो, तिला विचारायला हवं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी पेनड्राइव्ह तिला दिला. तिने पासवर्ड बदलला, मला सांगितला नाही.

तुमच्या घरातल्या बाईची सही कोण करतं?