विहाराची एकच फळी

सकाळपासूनचं तिसरं ब्लेड टणकन तुटलं तेव्हा आप्पा दारात उभे होते. काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सागवानी फळी.

"जयभीम ताई. आनली बघा."

नव्वदच्या दशकाचा शेवट. दौंडमध्ये लाकडी नावं कापून देण्याचं माझं दुकान सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. सुतारकाम मी पाबळला शिकले होते, पण पुण्याहून सेकंडहँड आणलेली स्क्रोल सॉ मला नवीनच होती. शिलाई मशीनची सुई चालते तसं तिचं बारीक ब्लेड वरखाली होतं. लाकूड आपण फिरवायचं. वळणं तर अशी झकास निघाली की मी हवेतच गेले. खुटबावच्या आप्पांना छातीठोकपणे सांगून बसले, "विहाराचं नाव ना? दोन दिवसांत देते."

अडलं सरळ रेघेपाशी. 'मैत्री बुद्ध विहार' मधला प्रत्येक शब्द शिरोरेघेसकट अखंड कापायचा होता. मात्रा, वेलांट्या रेघेच्या वर येतात, त्यामुळे तिथं हातकरवत चालत नाही. आणि माझी रेघ दर वेळी उजवीकडे पळत होती.

"जुन्या समाजमंदिराच्या दाराची फळी हाय," आप्पा म्हणाले. "येवढीच वाचली. परवा विहाराचं उद्घाटन."

खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण तोंडातून निघालं, "बसा आप्पा, चहा सांगते."

ते स्टुलावर बसले आणि मी पुन्हा प्लायच्या तुकड्यावर सुरू झाले. सुताराची सवय म्हणून गाईड म्हणून टेबलाला सरळ पट्टी क्लँप केली. पट्टी सरळ, तुकडा सरळ, ब्लेड मात्र तिरकं. मी चिडून जोर लावला. ब्लेड वाकलं, लाकूड जळाल्याचा वास आला.

आप्पांनी कप खाली ठेवला. "ताई, तुमच्या म्हशीनीचा एक बैल जास्त वढतोय."

"म्हणजे?"

"पेरताना एक बैल तगडा आसला की मातीतलं तास त्याच्या अंगाला जातंय. मग आमी पाभर वाईच तिरकी धरतो. बैलासंगं भांडून काय उपेग?"

मला थोडा रागच आला. माझ्या वर्कशॉपमध्ये पेरणीची पाभर कुठून आली? पण पट्टी काढली. नव्या तुकड्यावर पेन्सिलीची रेघ मारली, हलक्या हातानं पुढे सरकवत ब्लेड रेघेवर टिकेपर्यंत तुकडा वळवत गेले. एका जरा तिरक्या जागी ते टिकलं. तसाच धरून पुढे नेला.

रेघ सरळ आली.

दुसरा तुकडा कापला, तोही सरळ. तिसराही. मला हसू आवरेना. ब्लेडच्या दातांना एका अंगाला बनवतानाच बारीक धारदार कड राहते, तिकडून ते जास्त कापतं, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मी फक्त टेबलावर त्या तिरकेपणाची खूण केली आणि फळी उचलली.

आधी 'बुद्ध' घेतला, त्यात रेघेच्या वर काही नाही. मग 'मैत्री', मग 'विहार'. शेवटचा शब्द सुटला तेव्हा मी इतका वेळ श्वास धरून होते हे लक्षात आलं.

उद्घाटनाला मी खुटबावला गेले. आप्पांनी सगळ्यांदेखत शिरोरेघेला दोरी लावून पाहिली. कुठंही फट नव्हती. आनंदानं माझे डोळे भरून आले आणि मी कबूल करून टाकलं, "आप्पा, तुम्ही फळी आणलीत तेव्हा मला सरळ कापताच येत नव्हतं."

"ठावं हाय की. टेबलाखाली ढीग बघितला व्हता तुकड्यांचा."

"मग फळी परत का नाही नेलीत?"

"येवढं तुकडं वाया घालवून बी जिनं आमच्या फळीला हात लावला न्हाई, तिच्याकडंच ठिवावी म्हनलं."

तेव्हापासून गिऱ्हाईक यायच्या आधी मी टेबलाखाली झाडत नाही.