भुशातला बिरहा

आमचे लटारूभाऊजी ब्रह्मपुरीकडचे, धानाच्या बांधीत वाढलेले. गावच्या दंडारीत, रात्रभराच्या नाचगाण्याच्या खेळात, ढोलकीच्याही वर त्यांचाच आवाज ऐकू यायचा. असा माणूस आपलं चांगलं गाणं सोडून कुठल्या मुलखातल्या बिरह्याच्या नादी लागला, आणि तेही आरा ओढता ओढता! माझी बहीण भागीरथा अजून कपाळावर हात मारून घेते. हे तिनंच सांगायला पाहिजे, पण ती सांगता सांगता मध्येच रडायला लागते, म्हणून मी सांगते.

तेव्हा आमचा जिल्हा चांदाच होता, आणि साल असेल छपन्न-सत्तावन्न. धान कापून झालं की भाऊजी अलापल्लीच्या जंगलात सागाच्या पाट्या पाडायला जायचे. बहीण सोबत जायची आणि भाकरी थापायला तिच्या मागं मी. सागाचा ओंडका उंच ठोकळ्यांवर चढवायचा, एकानं त्याच्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली, आणि मधे माणसापेक्षा लांब आरा, दोघांनी ओढायची करवत. वर असायचा बिरजू अहीर, गाजीपूरकडचा, भल्या मोठ्या मिशांचा. खाली आमचे भाऊजी. वरचा खुशाल मोकळ्या हवेत, आणि खालच्याच्या डोळ्यातोंडात सगळा भुसा.

हा बिरजू काम करता करता बिरहा म्हणायचा. ढोलकी नाही, पेटी नाही, एकट्याचा आवाज. एकेक ओळ अशी लांबवायचा, की नाल्यापलीकडचा गुराखी थांबून बघायचा. बिरहा म्हणजे घर सोडून गेलेल्या माणसाचं गाणं, असं त्यानंच सांगितलं. झालं! भाऊजींच्या मनानं घेतलं. वरून बिरजूनं ओळ टाकायची, खालून भाऊजींनी उचलायची. बिरजू आधी हसला, "ई तोहरे बस का नहीं, लटारू भाई." पण दोन हंगाम हा माणूस काही हटला नाही, तेव्हा बिरजूनं त्यांना चेला मानलं.

मी चिडवायची, "भाऊजी, म्हशीले काई होऊन राह्यलं का? एवढी काऊन वरडते?"

"तुले काय समजते गाण्यातलं," ते म्हणायचे, आणि भुसा थुंकून पुन्हा सुरू.

पण एक अट होती. बिरह्याच्या शेवटच्या कडीत, म्हणजे कडव्यात, गुरूचं नाव येतं. बिरादरीतल्या जाणत्यांनी हो म्हटल्याशिवाय चेल्यानं ते तोंडातून काढायचं नाही. तिथं आलं की भाऊजी गप्प व्हायचे. ती कडी त्यांनी कधी गुणगुणलीसुद्धा नाही. झोपताना, उठताना एकच ध्यास, गुरूचं नाव घ्यायला मिळालं पाहिजे. बहीण वैतागायची, "बाप्पा, आमी बाया नवऱ्याचं नाव घ्यायले एवढा जीव टाकत नाई!"

आणि त्या फाल्गुनात बिरजूनं सांगितलं, की बाप थकला, होळी झाली की गावी जाणार, आता परत येणं नाही. भाऊजींचा चेहरा पडला. होळीला बल्लारशाला खाणीतले आणि रेल्वेतले सगळे पूरबी, बिरजूच्या मुलखातले लोक जमायचे. भाऊजींना हो म्हणणारे जाणतेही तिथंच, म्हणजे जे काय व्हायचं ते तिथंच.

गेलो आम्ही. रंगानं माखलेली शेदीडशे माणसं जमिनीवर बसलेली, मधे एक पांढऱ्या भुवयांचा बुढा मुकादम, त्यांच्यातला सगळ्यात जाणता. बहिणीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. भाऊजी उभे राहिले, बिरजूसारखा एक हात कानावर ठेवला आणि आवाज सोडला. काय सांगू! सगळ्यांच्या माना वर झाल्या. आणि ऐन रंगात आलेल्या ओळीच्या मधोमध भाऊजींनी तोंड गच्च मिटलं. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा उघडलं आणि पुढची अर्धी ओळ. दुसऱ्या ओळीतही तेच, तिसरीतही तेच. पोरं फिदीफिदी हसायला लागली, मग म्हातारेही. भाऊजींना कळेना लोक काऊन हसून राह्यले.

मला कळलं. आरा खाली ओढला की भुसा पडायचा, तेव्हा भाऊजी तोंड मिटायचे. दोन हंगाम तसंच शिकले, तसंच अंगात मुरलं!

बिरजू कपाळ बडवत उभा राहिला. "मुकादमजी, गलती हमारी है. हम ऊपर थे. बीच में आरा बोलता था, हमको लगा यही गा रहा है."

मग काय, हसून हसून माणसं आडवी झाली. मुकादमानं डोळे पुसले आणि हात वर केला. "आवाज है. लेकिन टूटा बिरहा हम नहीं मानते. गुरु के नाम की कड़ी बोल. टूटी, तो जा के आरा खींच. नहीं टूटी, तो तू बिरजू का चेला."

बहिणीनं पदर तोंडात कोंबला. "मेली वं," ती पुटपुटली, "हे तं पुन्हा तोंड मिटतेत आता." मलाही तेच वाटलं. देवा, एवढी एक ओळ तरी नीट जाऊ दे, म्हणून मी डोळेच मिटले.

भाऊजींनी कडी उचलली. ओळ वर गेली, लांबली, नेहमीची तुटायची जागा आली आणि ओलांडून पुढं गेली. गुरूचं नाव आलं, बिरजू, गाजीपूरचा बिरजू, आणि तेही अखंड, सलग, श्वास संपेपर्यंत. ती कडी आऱ्याखाली त्यांनी कधी म्हटलीच नव्हती. तिच्यात भुसा कुठून येणार?

मुकादम हळूच म्हणाला, "बस, चेला हुआ." भाऊजी बिरजूच्या पाया पडायला वाकले, तर त्यांना उठवायचं सोडून बिरजूच खाली बसला आणि गमछा तोंडावर धरून लहान पोरासारखा रडला.